टेकडीवर जाताय ना, मग एक पोतं आणि पाण्याची एक बाटली बरोबर घ्या

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. आमचा ग्रुप पुण्यातला, रोज सकाळी वेताळ टेकडी आणि महिन्यातून एकदा कुठलातरी गड, असं सहा-सात वर्षं चाललंय. चालता चालता आम्ही कचरा वेचणं, झाडांना पाणी घालणं अशी जी कामं करायला लागलो त्याबद्दल नवीन लोक नेहमी विचारतात, की आम्हालाही काहीतरी करायचंय पण सुरुवात कुठून करू? तर आमच्या अनुभवातून जे कळलं ते इथे सविस्तर लिहितोय, तुमच्या गावात टेकडी नसेल तर नदीकाठ धरा, तलाव धरा, समुद्राचा किनारा धरा, काम तेच आहे.

पहिली गोष्ट, मोठ्या कार्यक्रमाने सुरुवात करू नका. शंभर माणसं, टी-शर्ट, बॅनर, एका सकाळी वीस पोती कचरा आणि मग वर्षभर कोणी फिरकत नाही, असं खूप बघितलंय. त्यापेक्षा तुम्ही रोज जिथून चालता किंवा पळता तीच वाट धरा, तिचा अर्धा किलोमीटर आपला समजा आणि तेवढाच तुकडा सतत बघा. एकच जागा रोज बघितली की कळतं की कचरा कुठून येतोय, कोणत्या बाकाखाली शनिवारी रात्री बाटल्या पडतात, कोणत्या वळणावर वाढदिवसाचा केक कापतात आणि थर्माकोल तिथेच टाकून जातात. हे कळलं की निम्मं काम होतं, कारण मग नगरसेवकाला, वनखात्याच्या गार्डला किंवा चहावाल्याला नेमकं सांगता येतं की इथे, या वेळेला.

सामान अगदी साधं लागतं. तांदळाचं किंवा साखरेचं रिकामं पोतं घ्या, किराणा दुकानात पाच-दहा रुपयाला मिळतं नाहीतर फुकटच देतात. काळ्या गार्बेज बॅगा आणू नका, काटेरी झुडपात दोन मिनिटात फाटतात आणि तोच आणखी कचरा होतो. पोतं धुऊन वाळवून पुन्हा वापरता येतं. हातमोजे हार्डवेअरच्या दुकानातले, आतून सुती आणि तळव्याला रबर लावलेले, ते घ्या. एक लांब चिमटा असला तर उत्तमच, नाहीतर हातभर काठी तरी हवीच, कारण सुकलेल्या पाल्यात हात घालायचा नाही, घोणस पाल्याच्या रंगात अशी मिसळून जाते की पावलाजवळ असली तरी दिसत नाही. आधी काठीने पाला हलवायचा, मग उचलायचं. सिगरेटची थोटकं वेगळ्या बाटलीत भरा, लोकांना वाटतं तो कापूस आहे आणि विरघळून जाईल, पण ते फिल्टर प्लास्टिकचेच असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कचरा उचलणं सोपं आहे, तो पुढे कुठे जाणार हे आधी ठरवा. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा अकरा जण होतो, उत्साहात चौदा पोती भरली, पायथ्याशी रचून ठेवली, फोटो काढले आणि महापालिकेची गाडी येईल म्हणून घरी गेलो. गाडी आलीच नाही. चार दिवसांनी जाऊन बघतो तर कुत्र्यांनी पोती फाडलेली आणि सगळं वाऱ्याने ओढ्यात गेलेलं, म्हणजे वरचा कचरा आम्ही खाली पाण्यात नेऊन टाकला असंच झालं ते, फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून नियम असा की जेवढं आपण स्वतः खाली आणून योग्य माणसाच्या हातात देऊ शकतो तेवढंच उचलायचं.

योग्य माणूस म्हणजे कोण? पुण्यात स्वच्छ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे, तुमच्या सोसायटीत येणाऱ्या ताईच बहुतेक त्यातल्या असतील, त्यांना आदल्या दिवशी विचारा की ताई उद्या दोन पोती सुका कचरा येईल, चालेल का. आणि वेगळा करूनच द्या. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या, कॅन, पुठ्ठा, अख्ख्या काचेच्या बाटल्या यांना भंगारात भाव मिळतो, तो पैसा त्यांचा, त्यावर आपण हक्क सांगायचा नाही. वेफर्स, बिस्किटं, गुटखा यांची चकचकीत पाकिटं मात्र कोणी विकत घेत नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे होत नाहीत. जिथे सोय आहे तिथे ती सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात, बाकी ठिकाणी कचरा डेपोवरच. फुटलेली काच पेपरात गुंडाळून वेगळी द्या. पॅड किंवा डायपर सापडले तर तेही पेपरात बांधून वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागत नाही. तुमच्या गावात अशी संस्था नसेल तर भंगारवाल्या काकांशी ओळख करून घ्या आणि ग्रामपंचायतीची घंटागाडी कोणत्या वारी येते ते विचारून त्याच वारी काम करा.

व्यायाम होतो का असं विचारणारे असतात, तर होतो, चांगलाच होतो. पळता पळता कचरा उचलायला प्लॉगिंग म्हणतात, स्वीडनमध्ये २०१६ च्या सुमारास एरिक आल्स्ट्रोम यांनी ते सुरू केलं, नाव आलं ते उचलणं या अर्थाच्या स्वीडिश शब्दातून आणि जॉगिंगमधून. फक्त कंबरेतून वाकू नका, गुडघे वाकवून उकिडवं बसल्यासारखं खाली जा आणि मांड्यांच्या जोरावर उठा, शंभर वेळा केलंत की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळेल. पोतं एकाच हातात धरून राहू नका, हात बदला. गड उतरताना पाठीवर पाच-सहा किलोच्या वर वजन नको, गुडघ्यावर येतं, आणि काच पाठीवर कधीच नको, पाय घसरला तर काय होईल विचार करा.

आता झाडांबद्दल. टेकडीवर बाटली घेऊन जाऊन झाडांना पाणी घालणारे आजी-आजोबा पुण्यात प्रत्येक टेकडीवर भेटतात, मला वाटतं या शहराची ही सगळ्यात सुंदर सवय आहे. तुम्हीही करा, पण नवीन रोपं लावायची घाई करू नका. लावलेली रोपं जगवायला माणसं कमी आहेत, लावायला नाहीत. पावसाळ्यात लावलेल्या रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी लागतं, म्हणजे फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत. रोज पेलाभर पाण्याने फक्त वरची माती ओली होते, मुळं वरच राहतात, त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा चार-पाच लिटर घाला. आम्ही आमच्यात वार वाटून घेतलेत, दोन लिटरच्या बाटल्या, तीन जण मिळून एक झाड. शेजारी मडकं पुरून ठेवलं तर अजून बरं, पाणी हळूहळू झिरपतं. प्लास्टिकची बाटली उलटी खोचून ठेवायची पद्धत आहे ती मला पटत नाही, दोन उन्हात तिचे तुकडे होतात आणि तिथेच राहतात.

लावायचंच असेल तर वनखात्याला विचारून, आणि इथलंच झाड. पळस, बहावा, खैर, धावडा, मोई, काटेसावर, ही या मुरमाड उतारांवर टिकणारी झाडं. पुण्याच्या टेकड्यांवर जागोजागी गिरिपुष्प लावलेलं आहे, हिवाळा सरताना गुलाबी फुलांनी भरतं आणि दिसायला छान दिसतं, पण ते मध्य अमेरिकेकडचं झाड आहे, इथल्या गवताची आणि झाडांची जागा त्याने घेतली. आणि नुसतं गवत दिसलं म्हणजे माळ ओसाड आहे असं समजू नका हो. चंडोल तिथे जमिनीवर घरटं करतो, ससे तिथे असतात, तिथे खड्डे करून रोपं लावणं म्हणजे कुणाचंतरी घर मोडणं. सीडबॉलचंही (बिया भरलेले मातीचे गोळे) तेच, गाडीतून जाताना फेकलेल्या बिया रुजून मोठ्या झालेल्या मी तरी फारशा बघितल्या नाहीत.

उन्हाळ्यात अजून एक काम असतं, वणव्यावर नजर. गवत वाळलं की एक थोटूक पुरतं. काही जण मुद्दाम लावतात, गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं या समजुतीने. धूर दिसला की आधी फोन, वनखात्याची हेल्पलाइन १९२६, फायर ब्रिगेड १०१, आणि जागा सांगताना मोबाईलवरून लोकेशन पाठवा, कारण टेकडीवर पत्ता सांगता येत नाही. छोटी, घोट्याएवढी आग असेल आणि तीन-चार जण असाल तरच ओल्या फांद्यांनी झोडपा, आणि चढाच्या बाजूला आगीच्या वर कधीच उभं राहू नका, आग चढावर माणसापेक्षा वेगाने पळते. जानेवारीतच आपल्या रोपांभोवती हातभर गवत काढून गोल मोकळा करून ठेवला तर रोप वाचायची शक्यता खूप वाढते. आमची नऊ रोपं एका मार्चमध्ये गेली, त्यांच्याभोवतीचं गवत काढलेलं नव्हतं.

गडांचं वेगळं आहे. जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत आले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आनंदाची गोष्ट आहेच पण गर्दीही वाढणार. प्लास्टिक उचलायला कोणी अडवत नाही, पण त्यापलीकडे काहीही करायचं असेल, म्हणजे टाकं (कातळात खोदलेला पाण्याचा हौद) उपसणं, गाळ काढणं, ढासळलेले दगड रचणं, झाडी तोडणं, तर आधी लेखी परवानगी. रायगड, शिवनेरी, लोहगड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, राजगड, साल्हेर राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे. उगाच नियम म्हणून सांगत नाही. टाक्याच्या गाळात खापरं, नाणी, तोफगोळे असू शकतात आणि ते कोणत्या थरात सापडलं यावरून इतिहास कळतो, आपण फावड्याने एकत्र केलं की ते कायमचं गेलं. भिंतीवर कोणीतरी बदामात नाव कोरलेलं दिसतं तेव्हा राग येतो मान्य, पण तारेच्या ब्रशने घासू नका, दगडाचा वरचा थर निघतो, फोटो काढून खात्याला कळवा. कातळावर आग्या मोहोळ असेल तर धूर नाही, आरडाओरड नाही, सेंट मारलेलं नको, गपचूप खालून निघून जायचं.

आणि जाताना एसटीने किंवा पीएमपीने (पुण्याच्या शहर बसने) जा ना. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत बस जाते, तिथून आतकरवाडीच्या वाटेने चढायचं. पंधरा माणसं आठ गाड्या घेऊन कचरा वेचायला गेली तर त्याला काय अर्थ आहे.

पायथ्याच्या गावाशी नातं जोडलंत तर सगळं सोपं होतं. जेवण तिथल्याच घरी सांगा, आदल्या दिवशी फोन केला की पिठलं-भाकरी, ठेचा तयार असतो, पैसे ठरलेले द्या, घासाघीस करू नका. वाट दाखवायला गावातलाच पोरगा घ्या. मुलांना चॉकलेटं वाटू नका, त्याचे कागद परत वाटेवरच पडतात आणि मुलांना येणाऱ्या प्रत्येकासमोर हात पसरायची सवय लागते. काही द्यायचंच असेल तर शाळेच्या गुरुजींना विचारा काय हवंय. आम्ही एकदा वह्या घेऊन गेलो, तिथे वह्या आधीच तीन ग्रुपने दिल्या होत्या, हवा होता तो पाण्याच्या टाकीचा नळ. तो नळ साडेचारशे रुपयांत बसला.

ज्यांना खेळ येतो त्यांच्यासाठी अजून एक रस्ता. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये वस्तीतल्या मुलांना फुटबॉल देऊन जे सुरू केलं त्यातून पुढे स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली. एवढं मोठं नाही जमलं तरी जवळच्या वस्तीत आठवड्यातून एक दिवस खो-खो, कबड्डी, फुटबॉल काहीही शिकवता येतं. अट एकच, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी जायचंच. मुलं वाट बघतात, आणि मोठी माणसं येतो म्हणून येत नाहीत याचा अनुभव त्यांना भरपूर असतो. कायम दोन मोठी माणसं हजर हवीत, पालकांना माहीत हवं, आणि मुलांचे फोटो न विचारता कुठेही टाकायचे नाहीत. मुलींची टीम करायची असेल तर वेळ आयांना विचारून ठरवा, संध्याकाळी पाणी यायच्या वेळेला ठेवलंत तर एकही मुलगी येणार नाही.

पैसे उभे करायचे असतील तर पळण्याचा उपयोग होतो. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली, आता जानेवारीत होते आणि तिथे संस्थेसाठी निधी गोळा करत पळता येतं. संस्था निवडताना एकदा स्वतः जाऊन काम बघून या, मागच्या वर्षीचा हिशोब मागा, देणगीवर करसवलत मिळवून देणारी नोंदणी, जिला ८०जी म्हणतात, ती आहे का विचारा. देणाऱ्यांना आधीच सांगा की रोख दोन हजारांच्या वर दिलं तर करात सवलत नाही आणि नवीन करप्रणाली घेतलेल्यांना ही सवलत मिळतच नाही. परदेशातल्या नातेवाइकांचं नीट बघा. भारतीय पासपोर्ट असलेल्यांचे पैसे चालतात, पण तिकडचं नागरिकत्व घेतलेल्या मामाचे पैसे परदेशी देणगी धरले जातात, ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी लागते, नसेल तर संस्था अडचणीत येते. आणि सगळ्या कॉन्टॅक्ट्सना एकच मेसेज फॉरवर्ड करण्यापेक्षा वीस जणांना फोन करा, मी या संस्थेसाठी एकवीस किलोमीटर पळतोय, त्यांचं हे हे काम मी बघून आलोय, तू पाचशे रुपये देशील का, असं सरळ विचारा. माझ्या वीसपैकी चौदा जणांनी दिले होते. नंतर शर्यतीचा फोटो पाठवला नाही तरी चालेल, पैशाचं काय झालं ते मात्र प्रत्येकाला कळवा.

ग्रुप करताना एक वही ठेवा, कोणत्या तारखेला कोण आलं, काय किती निघालं, कोणत्या झाडाला कधी पाणी घातलं. आमच्या वहीत दिसतं की आमच्या वाटेवरच्या एका बाकाजवळ आधी आठवड्याला तीस-पस्तीस बाटल्या मिळायच्या आणि आता चार-पाच मिळतात, कारण वनखात्याच्या गार्डदादांना वही दाखवली तेव्हा त्यांनी शनिवारी संध्याकाळची फेरी तिकडून सुरू केली.