संगीत सॉफ्टवेअर कोडने चालवायचं असेल तर साधन कसं निवडावं

पायथन शिकावं की लुआ, इथून सुरुवात केली की बहुतेकदा चुकीचं साधन हाती येतं. कोणती भाषा चालणार हे तुमचं सॉफ्टवेअरच ठरवतं. तुम्ही ठरवायचं ते काम.

१. काम एका वाक्यात लिहा. ‘निवडलेल्या ट्रॅकना क्रमाने नावं आणि रंग देणे’ हे प्रोजेक्टच्या आतलं काम आहे. ‘सेन्सरवरून फिल्टर उघडणे’ हे बाहेरून येणारं. दोन्हींचे मार्ग वेगळे.

२. आतल्या कामासाठी सॉफ्टवेअरची स्वतःची भाषा घ्या. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये लुआ आणि ईईएल (रीपरची स्वतःची छोटी भाषा) अंगभूत आहेत, पायथन मात्र वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. म्हणून तिथे लुआच बरी. स्क्रिप्ट दुसऱ्याला दिली तरी तशीच चालते. एबलटन लाइव्हसाठी मॅक्स फॉर लाइव्ह (लाइव्हच्या आत स्वतःची साधनं बनवायची सोय) हा अधिकृत मार्ग. लाइव्हमधल्या पायथन रिमोट स्क्रिप्ट (बाहेरची नियंत्रण-उपकरणं जोडणाऱ्या) वापरणारे पुष्कळ आहेत, पण नव्या आवृत्तीत त्या मोडू शकतात, हे धरूनच चला. बिटविगच्या कंट्रोलर स्क्रिप्ट जावा किंवा जावास्क्रिप्टमध्ये, एफएल स्टुडिओच्या पायथनमध्ये. लॉजिकचा स्क्रिप्टर जावास्क्रिप्टवर चालतो, पण तो त्याच ट्रॅकच्या नोटा आणि प्लगइनपुरता. नवा ट्रॅक तयार करणं त्याला जमत नाही.

३. बाहेरून चालवायचं तर मिडी की ओएससी, हे ठरवा. दोन्ही म्हणजे संगीताची साधनं आणि सॉफ्टवेअर यांच्यात संदेश पाठवायच्या पद्धती; ओएससी नेटवर्कवरून जातं. मिडी जवळपास सगळीकडे चालतं, पण साध्या कंट्रोल मेसेजला ० ते १२७ एवढीच मूल्यं मिळतात. फिल्टर सावकाश उघडताना पायऱ्या ऐकू येऊ शकतात. ओएससीमध्ये दशांश मूल्यं जातात. रीपर आणि आर्डर (हेही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर) ते थेट घेतात. आर्डरचा नेहमीचा पोर्ट ३८१९.

४. एका नॉबवर चाचणी घ्या. पायथनमध्ये मिडो आणि पायथन-आरटीमिडी या मिडी पाठवणाऱ्या लायब्ररी बसवा. मॅकवर आयएसी ड्रायव्हर (मॅकमधलाच आभासी मिडी पोर्ट) चालू करा, विंडोजवर लूपमिडीने आभासी पोर्ट बनवा आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तो इनपुट म्हणून चालू करा. आता कंट्रोलर २० वर (हा मिडीतल्या नियंत्रणाचा क्रमांक) ०, ६४, १२७ ही मूल्यं पाठवा. कंट्रोलर क्रमांक ७ आणि ६४ टाळा, ते व्हॉल्यूम आणि सस्टेन पेडलचे. काहीच हललं नाही तर आधी चॅनल बघा: मिडो चॅनल शून्यापासून मोजतं, म्हणजे त्याचा ० हा सॉफ्टवेअरमधला १.

नेहमी अडतं ते इथे. जाण्या-येण्याला एकच आभासी पोर्ट ठेवला तर मेसेज गोल फिरत राहतो आणि सॉफ्टवेअर गुदमरतं. दोन पोर्ट ठेवा. नोट सुरू केल्यावर स्क्रिप्ट मध्येच बंद पडली तर स्वर अडकतो. बाहेर पडताना कंट्रोलर १२३ (सगळे स्वर बंद करणारा मेसेज) पाठवायची सोय आधीच लिहून ठेवा.

ताल मात्र बाहेरच्या पायथनवर सोपवू नका. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) सोळावा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. पायथनच्या स्लीपने (थांबायच्या आज्ञेने) मोजलेला वेळ थोडा थोडा मागेपुढे होतो आणि हाय-हॅटमध्ये ते लगेच कळतं. नोटा सॉफ्टवेअरमधल्या क्लिपमध्ये (स्वरांच्या तयार तुकड्यात) लिहा, स्क्रिप्टने फक्त क्लिप सुरू करा.

रीपरमध्ये आणखी दोन गोष्टी. स्क्रिप्टमध्ये व्हॉल्यूम डेसिबलमध्ये नसून गुणोत्तरात असतो: १ म्हणजे ० डेसिबल, ०.५ म्हणजे साधारण उणे ६. आणि सगळे बदल एका अनडू ब्लॉकमध्ये बांधा, म्हणजे चाळीस ट्रॅकची नावं बिघडली तरी एका अनडूत परत येतात.