बॅकअप घेताना फोल्डरच्या मूळ तारखा कशा जपाव्यात

विंडोजमध्ये नेहमीच्या कॉपी-पेस्टने एखादे फोल्डर बाह्य हार्ड डिस्कवर नेले, की आतील फायलींची ‘डेट मॉडिफाइड’ मूळचीच राहते, फोल्डरांवर मात्र कॉपी केलेल्या दिवसाची तारीख चढते. मग तारखेनुसार क्रम लावला, तर 2011 सालचे फोल्डर कालच्या फोल्डरच्या शेजारी येऊन बसते.

याचे कारण साधे आहे. फोल्डरमध्ये एखादी फाइल आली, पुसली गेली किंवा तिचे नाव बदलले, की त्या फोल्डरची तारीख बदलते. आणि कॉपी करताना तर आधी रिकामे फोल्डर तयार होऊन मग त्यात एकेक फाइल पडत असते. त्यामुळे आतील सर्व काही उतरल्यावर मूळ तारीख पुन्हा लिहून देणारे साधन हवे. व्हिस्टापासून विंडोजसोबतच मिळणारी ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा हे काम करते. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घेण्याची काहीच गरज नाही.

समजा, डी ड्राइव्हवरील ‘फोटो’ हे फोल्डर ई ड्राइव्हवर न्यायचे आहे. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची विंडोजची खिडकी) उघडून पुढील आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करावी:

रोबोकॉपी "डी:\फोटो" "ई:\फोटो" /ई /डीकॉपी:डीएटी /आर:1 /डब्ल्यू:1

यातील /ई मुळे रिकाम्या फोल्डरांसह सर्व उपफोल्डर येतात. खरे काम /डीकॉपी चे आहे: डी म्हणजे डेटा, ए म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट (‘लपलेले’ यासारख्या खुणा) आणि टी म्हणजे टाइमस्टॅम्प (तारीख-वेळ). विंडोज 10 मध्ये काहीच न सांगितल्यास केवळ डी आणि ए गृहीत धरले जातात, म्हणून टी विसरला की सगळा खटाटोप वाया जातो. शेवटचे दोन पर्यायही, म्हणजे पुन्हा किती वेळा प्रयत्न करायचा (/आर) आणि मध्ये किती सेकंद थांबायचे (/डब्ल्यू), गाळू नयेत, कारण एखादी फाइल अडली तर रोबोकॉपी मुळात दर 30 सेकंदांनी, तब्बल दहा लाख वेळा प्रयत्न करत राहते. अवतरणचिन्ह बंद करण्यापूर्वी मार्गाच्या शेवटी तिरकी रेघ राहिली, तर आज्ञा बिघडते. पहिल्या वेळी /एल जोडून नुसती यादी पाहून घ्यावी. /एमआयआर हा पर्याय मात्र जपून वापरावा. मूळ जागी नसलेले सर्व काही तो बॅकअपमधून पुसून टाकतो.

पेन ड्राइव्ह फॅट32 (फायली साठवण्याची एक जुनी पद्धत) असेल, तर तेथे बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यांतच नोंदवली जाते आणि पुढच्या बॅकअपच्या वेळी न बदललेल्या फायलीही बदललेल्या भासतात. अशा वेळी दोन सेकंदांचा फरक चालवून घेणारा /एफएफटी हा पर्याय जोडावा.

लिनक्सवर ‘आरसिंक -ए’ ही कॉपीची आज्ञा पुरेशी आहे. स्रोताच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर फोल्डरातील मजकूरच जातो, न दिल्यास फोल्डरही सोबत जाते, एवढे ध्यानात ठेवावे.

काम झाल्यावर दोन्हीकडच्या एखाद्या खोलवरच्या उपफोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमधील तारीख ताडून पाहावी. ही तपासणी मॅकवर करणे टाळावे, कारण तेथील फाइंडर उघडलेल्या फोल्डरात ‘.डीएस_स्टोअर’ ही लपलेली फाइल लिहू शकतो, आणि तेवढ्यानेही त्या फोल्डरची तारीख बदलते.