आयव्हन सदरलँड यांची कारकीर्द आलेखवहीत कशी अभ्यासावी

संगणकशास्त्राच्या पदवी वर्गात आयव्हन सदरलँड यांचे नाव बहुधा एकाच ठिकाणी भेटते, ते म्हणजे रेषा छाटण्याच्या अल्गोरिदममध्ये, आणि तेही कोहेन यांच्या नावाला जोडून. संगणकाच्या पडद्यावर बोटाने चित्र काढणे किंवा डोळ्यांवर यंत्र चढवून आभासी खोलीत वावरणे आज ज्यांच्या कामामुळे शक्य झाले, त्यांच्या वाट्याला परीक्षेतील पाच गुणांचा एक प्रश्न येतो. लातूर, नांदेड, परभणी किंवा बीड येथील ज्या विद्यार्थ्यांना सेमिनारसाठी अथवा प्रकल्पासाठी हा विषय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांसाठी ही पद्धत मांडत आहे.

पद्धतीचे सूत्र असे की, तारखांची जंत्री न करता सदरलँड यांनी हाती घेतलेले प्रश्न त्याच क्रमाने स्वतः सोडवावेत, आधी कागदावर आणि मग यंत्रावर. साहित्य म्हणून आलेखवही, कंपासपेटी, मीटर टेप आणि काही तासांसाठी एखादा साधा संगणक पुरेसा आहे. कागदावरचा भाग मोठा असल्यामुळे वीज गेली तरी काम अडत नाही.

व्यक्तिपरिचयाला अहवालात एका पानाहून अधिक जागा देऊ नये. जन्म १९३८, अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातील हेस्टिंग्ज येथे. वडील स्थापत्य अभियंता, त्यामुळे नकाशे व आराखडे लहानपणापासून नजरेखालचे. शाळेत असतानाच एडमंड बर्कली यांनी तयार केलेल्या ‘सायमन’ या रिलेवर चालणाऱ्या छोट्या संगणकासाठी त्यांनी भागाकाराचा प्रोग्राम लिहिला होता. पुढे कार्नेगी, कॅलटेक आणि एमआयटी या क्रमाने शिक्षण झाले. एवढे लिहून थेट १९६३ सालच्या प्रबंधाकडे वळावे, कारण खरा विषय तेथे सुरू होतो.

एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकावर, माहिती-सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली, सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रोग्राम तयार केला. संगणकाला छिद्रित कार्डे किंवा कागदी फीत भरवून उत्तराची वाट पाहण्याच्या त्या काळात वापरणारा माणूस लाइट पेनने, म्हणजे पडद्यावरचा प्रकाश ओळखणाऱ्या लेखणीने, थेट पडद्यावर रेषा काढत होता आणि संगणक ती त्याच क्षणी दाखवत होता. परंतु बहुतेक विद्यार्थी लाइट पेनपाशीच थांबतात, आणि मला ती उणीव वाटते. स्केचपॅडचे मोल त्याला घालून दिलेल्या अटींमध्ये आहे. ‘या दोन रेषा समांतर असाव्यात’, ‘या बाजू समान असाव्यात’ असे सांगितले की वेडीवाकडी आकृती संगणक स्वतः जुळवून घेत असे.

हे समजण्यासाठी आलेखवहीत हाताने ओबडधोबड चौकोन काढावा. चार बिंदूंना प्रत्येकी दोन याप्रमाणे आठ संख्या लागतात, म्हणजे आकृतीला आठ प्रकारचे स्वातंत्र्य आहे. आता त्याचा आयत करण्यासाठी किती अटी लागतील, हे शोधावे. तीन कोन काटकोन असावेत, एवढ्या तीन अटी पुरतात. चौथा कोन आपोआप काटकोन होतो. उरलेली पाच स्वातंत्र्ये म्हणजे आयताची जागा ठरवणाऱ्या दोन संख्या, त्याचा कल, लांबी आणि रुंदी. मग तीच आकृती जिओजेब्रा या मोफत प्रोग्राममध्ये करून एक शिरोबिंदू ओढून पाहावा. वर्गात हा प्रयोग करताना चौथी अट मुद्दाम लिहायला लावावी आणि ती निरुपयोगी का ठरते, याचे उत्तर विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे.

स्केचपॅडमधील दुसरी कल्पना मूळ आकृती आणि तिच्या प्रती यांची होती. मूळ आकृतीत बदल केला की तिच्या सर्व प्रती बदलत. प्रबंधात षट्कोनांची जाळी असून केवळ मूळ आकृती बदलून तिला माशाच्या खवल्यांचे रूप दिलेले आहे. आपल्याकडे यासाठी पैठणीचा बुट्टा घ्यावा. एक बुट्टा मूळ म्हणून काढावा, आलेखवहीवर त्याच्या जागा फक्त खुणांनी दाखवाव्यात आणि प्रत्येक जागेसाठी ‘किती सरकवायचा, किती फिरवायचा, किती मोठा करायचा’ एवढेच लिहावे. शंभर बुट्ट्यांची माहिती एका बुट्ट्यात आणि शंभर ओळींत कशी मावते, हे यातून हाताला कळते. आजच्या प्रत्येक त्रिमितीय प्रोग्रामचा सांगाडा हाच आहे.

१९६४ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, सदरलँड यांनी लिकलायडर यांच्यानंतर अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संस्थेतील माहिती-प्रक्रिया विभागाची सूत्रे हाती घेतली. हा काळ अहवालात दोन-तीन वाक्यांत उरकला तरी चालेल. मात्र १९६५ सालच्या त्यांच्या एका छोट्या निबंधाचा उल्लेख अवश्य करावा, कारण संगणकाने निर्माण केलेल्या जगात माणसाने शिरावे ही कल्पना त्यात मांडलेली आहे.

त्यानंतर हार्वर्डमध्ये डॅनी कोहेन यांच्यासोबत झालेले रेषा छाटण्याचे काम येते. पडदा ही मर्यादित खिडकी असल्यामुळे तिच्याबाहेर जाणारा रेषेचा भाग झटपट काढून टाकावा लागतो. आलेखवहीत क्ष २ ते १० आणि य २ ते ८ अशी खिडकी आखावी. तिच्या चारही कडा वाढवल्या की कागदाचे नऊ भाग पडतात. प्रत्येक बिंदूला वर, खाली, उजवीकडे, डावीकडे या क्रमाने चार बिटांचा संकेत द्यावा. बिंदू त्या कडेच्या बाहेर असेल तर १, नसेल तर ०. दोन्ही टोकांचे संकेत ०००० असतील, तर रेषा पूर्ण आत आहे. दोन्ही संकेतांत एकाच स्थानी १ असेल, तर ती पूर्ण बाहेर आहे आणि कोणतेही गणित न करता सोडून देता येते.

आता अ (०, ४) आणि आ (१४, ११) ही रेषा घ्यावी. अ चा संकेत ०००१ आणि आ चा १०१०. सामाईक १ नाही, म्हणून छाटणी आवश्यक आहे. रेषेचा चढ ०.५ आहे. डाव्या कडेवर, म्हणजे क्ष २ असताना, य ५ येतो. दुसऱ्या टोकाला उजवी कड आधी घेतल्यास (१०, ९) हा बिंदू मिळतो. तो अजूनही वरच्या कडेबाहेर असल्याने पुन्हा छाटावा लागतो आणि (८, ८) हाती येतो. वरची कड आधी घेतली असती, तर एकाच फेरीत काम झाले असते. उत्तर दोन्ही वाटांनी एकच, (२, ५) ते (८, ८). त्यानंतर क (०, ७) आणि ख (४, १०) ही रेषा द्यावी. संकेत ०००१ आणि १०००, पहिल्या तपासणीत ती बाद होत नाही, पण डाव्या कडेवर छाटल्यावर (२, ८.५) हा बिंदू मिळतो, त्याचा संकेत १००० येतो आणि मगच रेषा संपूर्ण बाहेर असल्याचे ठरते. कोपऱ्याजवळून निसटणारी ही रेषा सोडवल्याखेरीज अल्गोरिदम समजला असे मानू नये. पाठांतर आणि आकलन यांतील फरक येथेच उघड होतो.

छाटणीचे महत्त्व १९६८ सालच्या कामात दिसते, कारण तेथे डोके वळेल तशा रेषा दृष्टीच्या खिडकीबाहेर जात. वैमानिकाच्या डोक्याच्या हालचालीनुसार हेलिकॉप्टरबाहेरचा कॅमेरा वळवण्याचे प्रयोग बेल हेलिकॉप्टर कंपनीत चालले होते. सदरलँड यांनी त्या कॅमेऱ्याच्या जागी संगणक बसवला. डोक्यावर चढवायच्या यंत्रात दोन छोट्या चित्रनलिका आणि अर्धपारदर्शक आरसे होते, त्यामुळे खऱ्या खोलीवर तारांसारख्या रेषांनी बनलेली आकृती तरंगताना दिसे. डोक्याची दिशा मोजणारा दांडा छतापासून लोंबत असे. त्यावरूनच, प्राचीन कथेतील डोक्यावर लटकणाऱ्या तलवारीची आठवण म्हणून, ‘डॅमोक्लिसची तलवार’ हे टोपणनाव पडले. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखवण्यापेक्षाही, डोके हलताच चित्र बदलणे हे खोलीच्या, म्हणजे जवळ-दूरच्या अंतराच्या, भासासाठी अधिक मोलाचे आहे, हे सदरलँड यांचे निरीक्षण अहवालाच्या केंद्रस्थानी असावे.

ते पडताळण्यासाठी एक घन घ्यावा. बाजू १० सेंमी, मध्य नेमका डोळ्यासमोर, जवळची बाजू डोळ्यापासून ४० सेंमीवर, मागची ५० सेंमीवर, आणि पडदा २० सेंमीवर. पडद्यावरील स्थान काढण्यासाठी क्ष व य यांना २० ने गुणून अंतराने भागावे. जवळचा चौरस ५ सेंमीचा आणि मागचा ४ सेंमीचा मिळतो. आता डोके, आणि त्याच्याबरोबर पडदाही, ४ सेंमी उजवीकडे नेल्यास जवळचा चौरस -४.५ ते ०.५ आणि मागचा -३.६ ते ०.४ असा सरकतो. जवळचा २ सेंमी हलला, मागचा १.६ सेंमी. या ०.४ सेंमीच्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. डोक्याची अशी पाच-सहा स्थाने घेऊन चित्रे वेगवेगळ्या पानांवर काढावीत आणि पाने भराभर उलटून पाहावीत.

१९६८ मध्येच सदरलँड युटा विद्यापीठात गेले आणि डेव्हिड इव्हान्स यांच्यासोबत त्यांनी ‘इव्हान्स अँड सदरलँड’ ही कंपनी स्थापन केली. त्या विभागातून एड कॅटमल, ॲलन के, जॉन वॉर्नॉक, जिम क्लार्क, आंरी गुरो अशी संगणकक्षेत्रात पुढे नावाजलेली माणसे घडली. तेथील विद्यार्थ्यांनी सदरलँड कुटुंबाच्या फोक्सवॅगन बीटल मोटारीवर खुणा करून, ती हाताने मोजून संगणकात उतरवली. मराठवाड्यातील विद्यार्थ्यांसाठी याला समांतर असा उत्तम प्रकल्प म्हणजे बारव. परभणी जिल्ह्यात वालूरची चक्राकार बारव प्रसिद्ध आहे. तथापि सुरुवातीला वक्र रचना न घेता जवळपासची चौकोनी बारव निवडावी. ग्रामपंचायतीची किंवा संबंधित खात्याची परवानगी घ्यावी, पावसाळा टाळावा, शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतरू नये आणि पाण्याजवळ कोणीही एकटे जाऊ नये.

वरच्या कठड्याचा एक कोपरा शून्य मानून पूर्वेकडे क्ष, उत्तरेकडे य आणि खाली खोली झ मोजावी. प्रत्येक पायरीचे माप घेण्याऐवजी प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीचे आणि शेवटाचे माप घेऊन पायऱ्यांची संख्या लिहावी. पायरीची उंची २५ सेंमी आणि रुंदी ३० सेंमी असल्यास १२ पायऱ्यांत ३ मीटर खोली आणि ३.६ मीटर आडवे अंतर झाले पाहिजे. टेपने घेतलेले माप या हिशेबाशी ताडून पाहावे, कारण जुन्या पायऱ्या खचलेल्या असतात. मग एका तक्त्यात बिंदू व दुसऱ्यात त्यांना जोडणाऱ्या रेषा लिहाव्यात. चारही बाजू सारख्या असतील, तर एकच बाजू मोजून ती पैठणीच्या बुट्ट्याप्रमाणे फिरवून वापरता येते. पायथॉनमध्ये हेच दोन तक्ते वाचून, घनाच्या उदाहरणातील सूत्राने रेषा काढणारा प्रोग्राम लिहिणे अवघड नाही, आणि पुढे ए-फ्रेमसारख्या मोफत साधनाने तीच बारव मोबाइलच्या ब्राउझरमध्ये, मान वळवत पाहता येते. तयार छायाचित्रांवरून त्रिमितीय प्रतिकृती करणारी साधने आहेत, पण या प्रकल्पात ती वापरू नयेत. बिंदू आणि रेषा स्वतः ठरवण्यात सगळे शिक्षण आहे.

उत्तरार्ध थोडक्यात घ्यावा. कॅलटेकमध्ये संगणकशास्त्र विभागाचे प्रमुखपद, स्वतःची सल्लागार कंपनी, १९९० पासून सन मायक्रोसिस्टिम्स आणि २००९ पासून पोर्टलंड स्टेट विद्यापीठ असा तो प्रवास आहे. या काळात त्यांचे लक्ष सर्व भागांना एकच ताल देणाऱ्या सामाईक घड्याळाविना चालणाऱ्या चिपकडे वळले. १९८८ चे ट्युरिंग पारितोषिक आणि २०१२ चे क्योटो पारितोषिक यांची नोंद करावी.

अहवालात प्रत्येक प्रश्नासाठी मूळ अडचण, सदरलँड यांचा मार्ग आणि आपण सोडवलेले उदाहरण असा क्रम ठेवावा, आणि आलेखवहीची पाने खाडाखोडीसह जोडावीत. तोंडी परीक्षेला कोरा आलेखकागद सोबत न्यावा. परीक्षकांनी सांगितलेल्या कोणत्याही दोन बिंदूंमधील रेषा त्यांच्यासमोर छाटून दाखवता आली पाहिजे.