आजोबांचा घडीचा चाकू गोव्याच्या पावसाळ्यात कसा जपावा

जून ते सप्टेंबर गोव्यात हवा ओलीच असते, त्यात किनाऱ्याचा खारा वारा. जुने कार्बन पोलाद त्यात भराभर गंजते, म्हणून साफसफाई मे महिन्यातच उरका.

आधी पाते उजेडात नीट पाहा. निळसर-करडी झाक असेल तर ती राहू द्या. चाकूचे वय तीच सांगते. काढायचा तो फक्त बोटाला लागणारा तांबूस गंज. त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे २ थेंब सोडा, तासभर मुरू द्या आणि ०००० नंबरच्या, म्हणजे सर्वांत बारीक, स्टील वूलने पात्याच्या लांबीच्या दिशेने हलके घासा. पॉलिश पेपर अजिबात नको. पात्यावरचा बनवणाऱ्याचा ठसा एकदा पुसला की गेलाच.

खरी घाण सांध्यात साठते. टूथपिकने ती काढा, १ थेंब तेल सोडा, धारेपासून बोटे दूर ठेवून १०-१२ वेळा उघडझाप करा. बाहेर येणारे काळे तेल पुसत राहा, स्वच्छ येईपर्यंत. खोबरेल हाताशी असले तरी वापरू नका. ते खवट, चिकट होऊन सांधा जड करते. चाकूने फळे कापणार असाल तर मशीनच्या तेलाऐवजी औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन घ्या. शिंगाची किंवा हाडाची मूठ भिजवू नका, तडकते.

चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवू नये, चामडे ओल धरते. सुती कापडात गुंडाळून सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात दर महिन्याला पुसून पुन्हा तेलाचा हात द्या. धार लावायची तर पाणदगडावर (पाणी लावून वापरायच्या धारेच्या दगडावर) हातानेच. फिरत्या चाकावर पाते तापते आणि पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते.