किट गिटारचे कोणते भाग बदलायचे, आणि कधी

पहिल्या किटच्या (घरी जोडायच्या सुट्या भागांच्या संचाच्या) वेळी मी नवे ट्यूनर, म्हणजे तारा ताणायच्या खुंट्या, आधी आणले आणि हेडस्टॉकची, म्हणजे त्या जिथे बसतात त्या टोकाची, भोकं नंतर मोजली. ट्यूनरना १० मिमीचं भोक लागत होतं, नेकला (गिटारच्या लांब दांड्याला) होतं ८.५ मिमीचं. माझं रोजचं कामच मोजमापाचं आहे. कारखान्यात मशीनवरून उतरलेले भाग व्हर्नियरने तपासायचे आणि बसणार नाहीत ते बाजूला काढायचे. तरीही त्या संध्याकाळी मी सरळ ड्रिल लावलं. बिट भोकाच्या कडेला अडकलं आणि रंग देऊन वाळवलेल्या हेडस्टॉकच्या पुढच्या बाजूचा नखाएवढा ढलपा उडाला. तो डाग आजही आहे.

त्यानंतर किटमधून आणखी तीन गिटारी जोडल्या. ओळखीतलं कुणी किट घेतलं की विचारतं, "यातलं काय काय बदलू?" बहुतेकांच्या डोक्यात तेव्हा पिकअप (तारांचं कंपन टिपून अँपकडे पाठवणारे भाग) असतात. मी उलट विचारते: रंग लागल्यावर हा भाग बदलता येईल का? ज्याच्यासाठी लाकडाला भोक पाडावं लागतं, खोबण वाढवावी लागते, त्याचा निर्णय कोऱ्या लाकडावर घ्यायचा. बाकी सगळं गिटार वाजायला लागेपर्यंत थांबवायचं. वाजवल्याशिवाय कुठला भाग कमी पडतोय हे कळत नाही, आणि अंदाजाने घेतलेले भाग बहुतेक वेळा भलतंच दुखणं बरं करायला निघालेले असतात.

कोऱ्या लाकडावर

खोकं उघडल्यावर लगेच पॉलिश पेपर उचलू नका. सगळी गिटार एकदा कोरडीच जोडून बघा. गोंद नाही, रंग नाही, सोल्डर नाही. नेक चार स्क्रूंनी बसत असेल तर हे सोपं जातं. लिओ फेंडरच्या १९५० च्या आसपासच्या गिटारींपासून चालत आलेली ही पद्धत आहे, आणि नेक बिघडला तर तो उतरवून दुसरा लावता येतो हा तिचा मोठा फायदा. नेक गोंदाने चिकटवायचा असेल तर तो खोबणीत नुसता बसवून क्लॅम्पने धरा.

आधी नेक. तो डोळ्याजवळ धरून नटकडून (हेडस्टॉकजवळची, तारांच्या खाचा असलेली आडवी पट्टी) खाली दोन्ही कडा बघा. पुढेमागे आलेला बाक ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या सळईने) निघतो, पीळ निघत नाही. ट्रस रॉड पाव फेरा फिरवा आणि बाकात फरक पडतो का बघा. पीळ असेल किंवा रॉड नुसताच फिरत असेल तर एकही भाग विकत घेऊ नका, नेक बदलून मागा. हे रंग लावण्याआधी करायचं.

मग ब्रिजची, म्हणजे बॉडीवरच्या तारांच्या आधाराची, जागा. नटच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) मध्यापर्यंतचं अंतर दुप्पट केलं की स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, मिळते. स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीत ते अंतर ३२४ मिमी, म्हणजे स्केल ६४८ मिमी. लेस पॉलच्या धाटणीत स्केल ६२८ मिमीच्या आसपास येते. पातळ ई तारेचा सॅडल (ब्रिजवरचा तिचा टेकू) नटपासून स्केलएवढ्या अंतरावर आणा आणि बाकीच्या सॅडलना मागे सरकायला जागा उरते का बघा, कारण जाड तारांना थोडं मागे जावंच लागतं. नंतर नटच्या बाहेरच्या दोन खाचांमधून ब्रिजपर्यंत शिवणाचा दोरा ताणा. दोन्ही दोरे फ्रेटबोर्डच्या कडांपासून सारखेच आत हवेत. माझ्या दुसऱ्या किटमध्ये जाड तारेचा दोरा जवळपास कडेवर आला होता. मी नवा ब्रिज शोधायला लागले होते. नेकचे स्क्रू सैल करून नेक हाताने ढकलला आणि पुन्हा आवळला, तेवढ्यावर दोरा जागेवर आला.

ब्रिज खरोखरच बदलायचा असेल तर दोन मापं घेतल्याशिवाय मागवू नका. सहा स्क्रूंच्या ट्रेमोलो (दांडीने हलवता येणाऱ्या) ब्रिजमध्ये बाहेरच्या दोन स्क्रूंच्या केंद्रांमधलं अंतर कुठे ५२.५ मिमी असतं, कुठे ५६ मिमी. दोन्ही फोटोत सारखेच दिसतात, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. दुसरं माप बॉडीच्या जाडीचं. नेहमीची जाडी ४४-४५ मिमी असते, पण काही किटच्या बॉडी ४० मिमीच्या आसपास असतात. अशा बॉडीत ट्रेमोलोखालचा पूर्ण उंचीचा जड ब्लॉक (धातूचा ठोकळा) लावला तर तो मागून बाहेर डोकावतो.

ट्यूनरचंही तेच. भोकाचा व्यास, मागच्या स्क्रूची जागा आणि दोन ट्यूनरमधलं अंतर, तिन्ही मोजा. भोक मोठं आणि ट्यूनर बारीक असेल तर मधे घालायच्या रिंगा मिळतात. भोकच मोठं करायचं असेल तर हाताने फिरवायचा रीमर घ्या आणि दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आत जा. ड्रिल मशीन नको. पण ट्यूनर बदलायची गरज आहे का, हे आधी तपासा. खुंटी फिरवताना ती काही अंश फिरते आणि तार हलतच नाही, असं दोन्ही दिशांना होत असेल तर गिअर ढिले आहेत. तसं नसेल तर किटचेच ट्यूनर राहू द्या.

सूर टिकत नाही तेव्हा

रंग वाळला, गिटार जोडली, तारा चढवल्या, आणि दहा मिनिटांत सूर उतरला. इथे सगळे ट्यूनरला दोष देतात. मीही दिला होता. महागडे लॉकिंग (तार आवळून धरणारे) ट्यूनर लावले आणि "जी" स्वराची तार पूर्वीसारखीच उतरत राहिली.

आधी किटसोबत आलेल्या तारा काढून टाका. त्या पाकिटात किती दिवस पडून होत्या कुणास ठाऊक, काही वेळा हाताला खरखरीत लागतात. नव्या तारांचा संच घ्या, .००९ किंवा .०१० इंच जाडीपासून सुरू होणारा. ट्यूनरवर दोन-तीन वेढे नीट एकाखाली एक बसवा, प्रत्येक तार हाताने हलकेच ओढून ताणा, सुरात आणा, परत ताणा. सूर खाली सरकणं थांबेपर्यंत हे करत राहा. सुरावर येताना नेहमी खालून वर या, वरून खाली नाही.

तरीही उतरत असेल तर नट बघा. सूर लावताना "टिक" असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारतो का? नट आणि ट्यूनर यांच्यामधली तार बोटाने दाबून सोडल्यावर स्वर चढलेलाच राहतो का? मग तार खाचेत अडकते आहे. खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासा. फरक पडला तर दुखणं सापडलं. तारेच्या जाडीची नट फाइल घेऊन खाच किंचित रुंद करा, पण खोल करू नका.

खोलीची परीक्षा वेगळी आहे. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेट यांच्यात केसाएवढी फट हवी. किटच्या नटमध्ये ही फट बहुधा बरीच मोठी असते. त्यामुळे पहिल्या तीन फ्रेटमध्ये बोट दाबताना तार जास्त ताणली जाते आणि मोकळ्या तारांच्या कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बेसूर लागतात. ब्रिजवर सॅडल सरकवून इंटोनेशन (फ्रेटवर दाबलेल्या स्वरांचा सूर) कितीही जुळवलं तरी हा दोष जात नाही. एक सुरेल कॉर्ड लागत नाही म्हणून शिकणारा गिटार सोडून देतो आणि दोष स्वतःच्या कानाला देतो, हे मी पाहिलं आहे. मला त्याचं फार वाईट वाटतं.

म्हणून एकच भाग बदलायची परवानगी असेल तर मी नट बदलेन. पोकळ प्लास्टिकच्या जागी हाडाचा किंवा ग्राफाइटचा भरीव नट. जुना काढताना त्याच्या दोन्ही बाजूंनी रंगाच्या थरात ब्लेडने रेघ मारा, मग छोट्या लाकडी ठोकळ्यावरून हळूच ठोका. रेघ मारली नाही तर रंगाची खपली निघते. नवा नट दोन थेंब गोंदाने बसतो, जास्त नको, कारण तो पुढे कधी तरी परत काढायचा असतो.

फ्रेट हा विकत घ्यायचा भागच नाही, तिथे मेहनत घालायची असते. तीन फ्रेटवर बसेल एवढी सरळ धातूची पट्टी उभी ठेवा. ती डुलली तर मधला फ्रेट उंच आहे. तो आधी हातोडीने हलकेच ठोकून बघा, अनेकदा नुसता वर आलेला असतो आणि जागेवर बसतो. बसला नाही तर माथ्यावर मार्करने काळं करून घासा आणि पुन्हा गोलाई द्या. हे करण्याआधी फ्रेटबोर्ड चिकटपट्टीने झाका. टोकं हाताला टोचत असतील तर कानस तिरकी धरून कडेने फिरवा. माझ्या चारही गिटारींपैकी वाजवायला सर्वांत हलकी जी आहे, तिच्यात पैसा सर्वांत कमी गेला आहे आणि फ्रेटवर सर्वांत जास्त रविवार गेले आहेत.

वायरिंग

जॅक आणि स्विच मी विचार न करता बदलते. रोज केबल घालून-काढून जॅकची पाती ढिली पडतात आणि आवाज तुटायला लागतो. नवा स्विच घेताना खोबणीची खोली मोजा. किटमधला पेटीसारखा बंद स्विच आणि उघड्या सांगाड्याचा स्विच यांना सारखी जागा लागत नाही.

पॉट (नॉबखालचे आवाज आणि टोन कमी-जास्त करणारे भाग) फिरवताना खरखर येत असेल तर आधी काँटॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा पुढेमागे फिरवा. बदलायचे ठरले तर सिंगल कॉइलला (एका गुंडाळीच्या पिकअपला) २५० के (किलोओहम), हंबकरला (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला) ५०० के. किटमधले पॉट बहुधा १६ मिमीचे छोटे असतात. मोठ्या २४ मिमीच्या पॉटच्या दांड्याला ९.५ मिमीचं भोक लागतं, आणि दांड्यावरचे दातेही वेगळे असल्याने जुने नॉब बसतीलच असं नाही. तेव्हा पॉटचा निर्णयसुद्धा रंगाआधी घेतलेला बरा.

घुंऽऽ असा आवाज येत असेल तर तारांना हात लावून बघा. हात लावल्यावर आवाज कमी झाला तर ब्रिजची ग्राउंड वायर जोडलेली आहे. काहीच फरक पडला नाही तर मल्टिमीटरने ब्रिज आणि जॅकची बाहेरची बाजू यांच्यात जोड लागतो का तपासा. तिसऱ्या किटच्या वेळी मी घुंऽऽ जावी म्हणून पिकअप बदलले, ती गेली नाही. ब्रिजखालची वायर रंगाच्या थरावर टेकलेली होती, धातूला लागतच नव्हती. तेवढा रंग खरवडला आणि आवाज थांबला. सिंगल कॉइलची स्वतःची थोडी घुंऽऽ मात्र उरतेच, खोबणीत तांब्याची टेप लावून ती काही प्रमाणात कमी होते.

पिकअप सर्वांत शेवटी

बदलण्याआधी उंची जुळवा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंतचं अंतर मोजा. जाड तारेकडे सुमारे २.५ मिमी आणि पातळ तारेकडे २ मिमी अशी सुरुवात करा, मग पिकअपच्या स्क्रूंना अर्धा-अर्धा फेरा देत ऐका. पिकअप फार वर असतील तर चुंबक तारेला ओढतो, स्वर थरथरतो आणि लवकर विझतो.

स्वस्त सिंगल कॉइलमध्ये बहुधा लोखंडी खुंट्या आणि खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते. जुन्या धाटणीच्या पिकअपमध्ये खुंट्याच अ‍ॅल्निको (एक मिश्रधातू) चुंबकाच्या असतात. आवाजातला फरक खरा आहे, पण तो तुम्हाला हवा आहे का हे तुमचा कानच सांगेल. मी वही ठेवते. एकच अँप, तेच नॉब, त्याच दोन-तीन ओळी, महिनाभर. "बरा नाही" असं लिहिलं तर काही बदलायचं नाही. "ब्रिज पिकअप टोचतो, टोन ४ वर आणावा लागतो" असं लिहिलं गेलं की काय शोधायचं ते कळतं, आणि कधी कधी कपॅसिटर ०.०४७ ऐवजी ०.०२२ मायक्रोफॅरडचा लावून टोनचा नॉब कामाचा होतो. हंबकर घेताना बाहेरच्या दोन पोलमधलं (खुंट्यांमधलं) अंतर मोजा, साधारण ५० मिमी आणि ५२ मिमी असे दोन प्रकार मिळतात. त्याचे पाय किटच्या उथळ खोबणीत मावतात का तेही बघा.

जुनी वायर सोडवण्याआधी फोटो काढा. काढलेले भाग पाकिटात घालून वर गिटारचं नाव आणि तारीख लिहा. चौथ्या गिटारवर अजून किटचेच ट्यूनर आणि किटचाच ब्रिज आहे. नट, जॅक आणि स्विच बदलले. पिकअपच्या पानावर तिसरा आठवडा चालू आहे.