शाळेच्या सायकलवरून शर्यतीच्या सायकलवर : मराठवाड्यातल्या मुलींनी आधी काय मोजावं, काय विचारावं

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकल मिळते, घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असेल तर. त्यामुळे जालना, बीड, हिंगोलीकडे सकाळी दप्तर लावून सायकलवर निघालेल्या मुली कुणाच्या डोळ्यांत खुपत नाहीत. तीच मुलगी हेल्मेट घालून पहाटे साडेपाचला चाळीस किलोमीटरला निघाली की मात्र पारावर विषय होतो. आक्षेप सायकलला नसतो, कामाशिवाय चालवण्याला असतो. पुढे शर्यतीतही बहुतेक अडचणी याच जातीच्या भेटतात. तोंडावर नाही कुणी म्हणत नाही, पण सगळी मांडणी मुलांच्या हिशोबाने झालेली असते आणि मुलींची सोय शेवटी आठवते.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं सायकलिंग १८९६ पासून आहे, बायकांची रोड रेस आली १९८४ साली, लॉस एंजेलिसला. पॅरिस-रुबे ही शंभर वर्षांहून जुनी शर्यत बायकांसाठी पहिल्यांदा झाली २०२१ मध्ये. तेव्हा जिंकणाऱ्या लिझी डाइग्ननचं बक्षीस होतं १,५३५ युरो आणि त्याच शर्यतीतल्या पुरुष विजेत्याचं ३०,००० युरो. बायकांच्या वरच्या दर्जाच्या व्यावसायिक संघांना किमान पगाराचा नियम लागला तो २०२० पासून. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाशी केलेली शर्यत) दोघांना सारखीच, ३२.४ किलोमीटर होती. रोड रेस मात्र पुरुषांना २७३ आणि बायकांना १५८.

लातूरच्या किंवा परभणीच्या मुलीने हे आकडे पाठ करायची गरज नाही. पण ‘पोरींना एवढं झेपत नाही’ हे वाक्य इतकी वर्षं नियमपुस्तकात होतं आणि तिथून ते हळूहळू खोडलं जातंय, एवढं ध्यानात असू द्या. ट्रॅकवर, म्हणजे शर्यतीसाठी बांधलेल्या गोलाकार मार्गावर, बायकांची वैयक्तिक परस्यूट (दोघी समोरासमोरच्या बाजूंनी एकाच वेळी सुटतात ती शर्यत) ३ किलोमीटरची असायची, २०२५ पासून ती पुरुषांइतकीच ४ किलोमीटरची झाली. ५०० मीटरची टाइम ट्रायलही १ किलोमीटर झाली. जुन्या तक्त्यावरून सराव देणारे प्रशिक्षक अजून आहेत. ट्रॅककडे वळणार असाल तर सरावाची अंतरं चालू नियमाशी ताडून घ्या.

सायकल घेताना

दुकानात ‘लेडीज मॉडेल’ म्हणून पुढचा दांडा खाली वाकलेली, वजनाला जड सायकल दाखवतात. ती साडी-ड्रेससाठी आहे, शर्यतीसाठी नाही. दुसरी चूक म्हणजे भावाची सायकल सीट खाली करून वापरणं. सीट खाली येते, पण हँडल तितकंच लांब राहतं. मग खांदे, मान आणि मनगटं दुखतात आणि ‘मुलगी नाजूक आहे’ असा निष्कर्ष निघतो.

मापं अशी घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, दोन पायांमध्ये एक पुस्तक घट्ट वर सरकवा आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. हे माप गुणिले ०.८८३ म्हणजे क्रँकच्या (पायडल ज्या दांड्याला बसवलेलं असतं त्याच्या) मधल्या बिंदूपासून, म्हणजे तो ज्या आसाभोवती फिरतो तिथून, सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची. ७२ सेंटिमीटर आलं तर सीट साधारण ६३.६ वर येईल. तिथून पाच-पाच मिलिमीटरने वरखाली करून बघा. गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागे दुखत असेल किंवा कंबर डावी-उजवी डोलत असेल तर वर आहे.

सीटच्या रुंदीकडे आपल्याकडे जवळजवळ कुणीच बघत नाही, आणि मुली सायकल सोडतात त्यातल्या बऱ्याच जणी याच दुखण्याने, जे त्या कुणाला सांगत नाहीत. कठीण स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवा, पाय थोडे उचलून पुढे वाकून त्यावर बसा आणि उठल्यावर दिसणाऱ्या दोन खळग्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. त्यात २० ते २५ मिलिमीटर मिळवा. १२५ आलं तर १४५ ते १५० रुंदीची सीट लागेल. मध्ये पोकळी असलेली घेतली तर समोरचा दाब कमी होतो. जाड जेलचं कव्हर घालू नका. ते तासाभराने दबून अधिकच घासतं.

उंची १५५ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर क्रँक १६५ किंवा १६० मिलिमीटरची बघा. १७० ची असली की पायडल वर येताना गुडघा छातीकडे जातो आणि मांडीचा सांधा चिमटतो. ब्रेक लिव्हरला बहुतेक वेळा एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर हँडलच्या जवळ आणता येतो. हँडलचा खालचा भाग धरल्यावर बोटाचं पहिलं पेर लिव्हरवर आरामात बसलं पाहिजे. हे न करता कन्नडचा औट्रम घाट उतरायला जाणं धोक्याचं आहे.

वजनाचा हिशोबही समजून घ्या. आंतरराष्ट्रीय नियमाने शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. ७० किलोच्या मुलासाठी हे त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून कमी, ४८ किलोच्या मुलीसाठी चौदा टक्के. सुरुवातीला आपण घेतो ती साडेनऊ-दहा किलोची सायकल तर तिच्या वजनाचा पाचवा हिस्सा. घाटातल्या वेळेची मुलांशी तुलना करून कुणी नाक मुरडत असेल तर हे गणित त्याच्यापुढे ठेवा.

रस्त्यावर

सराटे आणि बाभळीचे काटे ही आपल्या भागाची देणगी. दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, पॅच आणि पंप घेतल्याशिवाय गाव सोडू नका. टायर २८ मिलिमीटरचं असेल आणि तुमचं वजन ५० किलोच्या आसपास, तर ६५ पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) हवा पुरते. मागचं चाक काढण्याआधी चेन सर्वांत लहान चकतीवर आणा. नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. काटा आतच राहून दुसऱ्या किलोमीटरला पुन्हा पंक्चर, ही नवख्यांची ठरलेली चूक. चाक काढून बसवणं दहा मिनिटांत जमेपर्यंत घरी सराव करा. मुलीसाठी हा प्रश्न फक्त वेळेचा नाही. निर्जन रस्त्याच्या कडेला थांबून राहणं हाच खरा धोका आहे.

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद-खुलताबादमार्गे वेरूळ हा एका बाजूने सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता चढ आणि सपाटी दोन्ही देतो. रविवारी मात्र उजाडताच निघा, नंतर पर्यटकांच्या गाड्या वाढतात. समृद्धी महामार्ग गुळगुळीत दिसतो, पण तिथे दुचाकीलाच परवानगी नाही, सायकल दूरची गोष्ट. उसाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, अंधारात निघू नका. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरला मागे दिवा असेलच असं नाही, आणि कडेला सांडलेल्या उसावरून चाक घसरतं. ट्रॉलीच्या मागे वारा अडवून चालवणारी मुलं दिसतील, त्यांचं अनुकरण करू नका.

मोटारसायकलवाला बाजूने चालत बोलू लागला तर वेग वाढवून पळायचा प्रयत्न व्यर्थ आहे, तो इंजिनवर आहे. पुढच्या पेट्रोल पंपावर किंवा चहाच्या हॉटेलवर, माणसं असतील तिथे थांबा, गाडीचा नंबर मोठ्याने वाचा आणि ११२ लावा. रोजची वेळ आणि रस्ता तोच ठेवू नका. घरच्या एकाला लाइव्ह लोकेशन द्या. घरच्यांना ‘काळजी करू नका’ म्हणण्यापेक्षा हे सगळं दाखवलं तर परवानगी लवकर मिळते.

मुलांच्या गटात सराव करताना ‘तू मागेच राहा, आम्ही वारा घेतो’ असं प्रेमाने सांगतात. त्यात फसू नका. कायम मागे राहणारीला पुढे येऊन वेग धरता येत नाही, बाजूला होऊन पुन्हा मागच्या चाकाला लागता येत नाही, आणि मुलींच्या मास स्टार्टमध्ये, म्हणजे सगळ्या एकदम सुटतात त्या शर्यतीत, कुणी अचानक वेग वाढवला की तीच पहिली मागे पडते. पुढे यायची पाळी मागून घ्या, सुरुवातीला तीस सेकंद, मग मिनिटभर. पुढे आल्यावर वेग वाढवायचा नाही, होता तोच ठेवायचा.

पाणी, पाळी, पोट

सोयीचं स्वच्छतागृह नाही म्हणून मुली पाणीच पीत नाहीत. एप्रिलमध्ये पारा बेचाळीसला असताना याचा परिणाम गोळे येणं, चक्कर आणि लघवीची जळजळ. तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर पाणी लागतंच, आणि ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरातच मिसळायचं, अर्ध्या बाटलीत नाही. उपाय म्हणजे रस्ता आखताना पंप आणि एसटी स्टँड धरून आखणं. खांद्यावरून पट्टे असलेली बिब शॉर्ट्स भारी समजली जाते, पण ती उतरवायला अंगातली जर्सी काढावी लागते. आपल्याकडच्या परिस्थितीत बिनपट्ट्याची पॅडेड शॉर्ट्स मुलींना सोयीची. तिच्या आत अंतर्वस्त्र घालू नका, शिवणीने कातडी सोलते. घरी येताच बदला, धुऊन उन्हात वाळवा. वरून सैल ट्रॅकपँट घालून गावाबाहेर पडायचं असेल तर तसं करा, पण उजव्या पायाची मोहरी चेनमध्ये अडकणार नाही अशी बांधा.

पाळीत पॅडेड शॉर्ट्स आणि सॅनिटरी पॅड एकमेकांवर घासतात. मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन वापरायचा असेल तर तो आधी घरी आणि छोट्या फेरीत वापरून बघा, शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नको. सराव वाढल्यावर पाळी तीन महिने आली नाही तर ती ‘फिटनेस’ची खूण नाही, खाणं कमी पडतंय याची शक्यता मोठी. डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर कितीही इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश असा सराव) मारून उपयोग नाही. त्याच वेळी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही तपासून घ्या. ‘दोन किलो कमी कर, घाटात उडशील’ असा सल्ला मुलींना फार सहज दिला जातो. दीड तासापेक्षा लांब फेरीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ असतात, गूळ-शेंगदाण्याची चिक्की खिशात बरी टिकते. ज्या घरात लेक सगळ्यांच्या नंतर जेवते, तिथे आधी जेवणाची वेळ बदलावी लागेल.

नाव नोंदवताना

शालेय शर्यती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. त्याबाहेरच्या निवड चाचण्या सायकलिंग संघटनेच्या. शिवाय गावोगावी खासगी शर्यती असतात, आणि गडबड जास्त तिथेच. मुलींचा गट पत्रिकेवर असतो, सकाळी ‘नोंदणी कमी आली’ म्हणून मुलांत मिसळला जातो. मग जी मुलगी एखाद्या ओळखीच्या मुलाच्या मागे वारा चुकवत आली तिचा नंबर वर लागतो. किंवा मुलींची शर्यत सगळ्यांत शेवटी, दहाच्या उन्हात सुटते आणि तोवर रस्ता अडवणारे स्वयंसेवक घरी गेलेले असतात. पैसे भरण्याआधी आयोजकांना असा संदेश पाठवा:

“नमस्कार. मुलींच्या गटासाठी किमान किती नोंदणी लागेल? कमी आली तर गट रद्द होईल की मुलांबरोबर सोडाल? मुलांबरोबर असेल तर किती मिनिटांच्या अंतराने? सुटण्याची वेळ आणि अंतर किती? पहिल्या तीन क्रमांकांचं बक्षीस मुलांइतकंच आहे का? कपडे बदलायची जागा आणि स्वच्छतागृह सुरुवातीच्या ठिकाणी आहे का?”

फोनवर नको, लेखीच पाठवा. उत्तर आलं नाही तर तेही एक उत्तर आहे. सात-आठ मुलींनी मिळून पाठवलं तर बहुतेक आयोजक ऐकतात, कारण त्यांना गट भरायचा असतो.

टाइम ट्रायलच्या सुरुवातीला मागून सीट धरायला एक माणूस असतो. अनोळखी पुरुषाने धरणं नको वाटत असेल तर आदल्या दिवशी महिला स्वयंसेवक मागा, किंवा एक पाय जमिनीवर ठेवून सुटायचा सराव करा. नीट जमलं तर त्यात दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त जात नाहीत.

शिबिरात आणि प्रवासात

संघ पुण्याला बालेवाडीला किंवा दिल्लीला जाणार असेल तर पालकांनी विचारायच्या गोष्टी तीन : सोबत महिला व्यवस्थापक कोण, मुलींच्या खोल्या वेगळ्या आहेत का, मालिश करणारी व्यक्ती कोण. २०२२ मध्ये स्लोव्हेनियातल्या शिबिरात भारताच्या एका महिला सायकलपटूने मुख्य प्रशिक्षकाविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार केली. तिला आणि नंतर संघाला परत बोलावलं गेलं, प्रशिक्षकाचा करार संपवण्यात आला. म्हणजे तक्रार चालते. पण ती कुठे करायची ते आधी माहीत हवं.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा खेळालाही लागू आहे. क्रीडा संस्था, स्टेडियम, संकुल आणि स्पर्धेची जागा यांचा त्याच्या व्याख्येत थेट उल्लेख आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावी लागते, तिची अध्यक्ष महिला आणि किमान निम्म्या सदस्य महिला. क्लब छोटा असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांत करायची, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा लागतो, आणि तिथे माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, मग ते शिक्षक असोत की व्यवस्थापक. मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे नंबर आहेत. मेसेज पुसू नका, तारीख-वेळ-जागा त्याच दिवशी वहीत लिहा. ‘संघातून नाव जाईल’ ही धमकी मिळाली तर तीही तारखेसह लिहा.

प्रमाणपत्रांची फाइल

राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि महिलांचं ३० टक्के समांतर आरक्षण वेगळं. खेळाचं प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं. मराठवाड्यात ही कार्यालयं छत्रपती संभाजीनगर आणि लातूर अशी दोन आहेत. जाहिरात निघाल्यावर धावपळ करू नका, पडताळणीला वेळ लागतो. खासगी शर्यतीची ढाल इथे कामाची नाही, स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची किंवा शालेय असावी लागते.

मुलींच्या गटात सहभाग कमी असतो, म्हणून नंतर ‘शर्यतीत होतं तरी कोण’ असा प्रश्न निघू शकतो. निकाल लागला की फलकावरच्या पूर्ण यादीचा, सगळी नावं, जिल्हे आणि वेळा दिसतील असा फोटो तिथेच काढा. प्रमाणपत्रावर नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, वयोगट आणि स्पर्धेची तारीख मैदान सोडण्याआधी तपासा. लग्नानंतर आडनाव बदलणार असाल तर राजपत्रातली नोंद आणि जुनी प्रमाणपत्रं एकाच फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल माहेरच्या कपाटात न ठेवता स्वतःजवळ ठेवा.