एकांकिकेतून थेट कमी बजेटच्या सिनेमात? या चुका टाळा

राज्य नाट्य स्पर्धा किंवा पुरुषोत्तम करंडक गाजवून आलेला हौशी कलाकार सिनेमाच्या सेटवर पहिल्या दिवशी हमखास आवाज लावतो. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय असते ना! इथे माइक शर्टाच्या आत, तोंडापासून वीतभर अंतरावर चिकटवलेला असतो. साउंडवाला लेव्हल घेतो, म्हणजे आवाज किती मोठा येतोय ते तपासतो, तेव्हा पुटपुटायचं आणि टेकला गर्जायचं, हे तर त्याहून वाईट. आवाज फाटतो. ‘डबिंगला बघू’ म्हणाल, तर स्टुडिओचे पैसे बहुधा बजेटमध्येच नसतात. म्हणून पंखे बंद, फ्रिजही बंद. (मागून घेतलेल्या घरातला फ्रिज नंतर चालू करायला विसरू नये म्हणून काही साउंडवाले आपल्या गाडीची किल्लीच आत ठेवून देतात.) अशा शांततेत कडक स्टार्चचा कुर्ता किंवा काचेच्या बांगड्या अख्खा संवाद खातात. कपडे स्वतःचेच आणायचे असतील तर घरी एकदा घालून, हात हलवून ऐका.

सगळ्यात जास्त टेक मात्र कंटिन्युइटीत, म्हणजे एका शॉटमधले हातवारे, कपडे, वस्तू दुसऱ्या शॉटशी न जुळल्याने, वाया जातात. मोठ्या युनिटमध्ये तेवढंच बघायला वेगळा माणूस असतो. इथे एकच असिस्टंट क्लॅप देतो, चहा सांगतो आणि गल्लीतल्या बघ्यांनाही आवरतो. तुमच्या कपाकडे कोण बघणार? समजा वाक्य आहे, ‘दादा, घर विकायचं नाही.’ मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा सीन लांबून सलग घेतात त्या शॉटमध्ये, ‘दादा’वर उजव्या हाताने कप उचललात आणि ‘नाही’नंतर ठेवलात. दोन तासांनी क्लोजअप लागतो. आता कप डाव्या हातात असेल किंवा ‘घर’वरच खाली आला, तर तुमचा सर्वांत चांगला टेक एडिटर नाइलाजाने बाजूला ठेवतो. म्हणून स्क्रिप्टवर त्या त्या शब्दाखाली पेन्सिलने खूण करा, सीन संपल्यावर कपड्यांसकट फोटो काढून ठेवा आणि मुळात हाताला उगाच कामं लावून घेऊ नका. शूटिंग शनिवार-रविवार करत महिनोन्‌महिने रेंगाळतं. मधल्या काळात केस कापण्याआधी, मावसबहिणीच्या लग्नात मेंदी काढण्याआधी दिग्दर्शकाला विचारा.

लांबच्या शॉटमध्येच सगळं रडून मोकळं होऊ नका, क्लोजअपसाठी काही उरू द्या. ‘फ्रेम कुठपर्यंत आहे?’ हे विचारण्यात कमीपणा नाही. समोरच्याचा क्लोजअप चालू असताना कोपऱ्यात मोबाइल बघत बसणाऱ्यांचा मला राग येतो. कॅमेऱ्याशेजारी उभं राहून त्याला क्यू द्या, पण त्याच्या वाक्यावर आपलं वाक्य चढवू नका. मग दोन्ही आवाज मिसळतात आणि एडिटरला ते कापता येत नाही. वाक्य चुकलं तरी ‘कट’ ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही.

मानधन नसेल तर नसेल, पण ओळखीतलं काम म्हणून सगळं तोंडी ठेवू नका. प्रवासखर्च, रात्री उशीर झाला तर घरी सोडायची सोय, श्रेयनामावलीतलं नाव हे निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घ्या. शोरीलच्या (आपलं काम दाखवायला जोडलेल्या निवडक तुकड्यांच्या) क्लिपचंही तसंच. सिनेमा महोत्सवांना पाठवायचा असेल तर निर्माता ती इन्स्टाग्रामवर टाकू देणार नाही आणि त्याचंही बरोबर आहे. बऱ्याच महोत्सवांना प्रीमियर आपल्याकडेच हवा असतो. तोवर ऑडिशनपुरती पासवर्डची लिंक मागा, आणि मागताना सीन नंबर सांगा. ‘माझा तो रडायचा सीन’ शोधत बसायला एडिटरकडे वेळ नसतो.